प्रतिमाप्रक्रिया लायब्ररींमधील संख्यात्मक मर्यादांची पडताळणी

प्रतिमाप्रक्रिया लायब्ररींमधील संख्यात्मक मर्यादांची पडताळणी म्हणजे अंकीय प्रतिमा वाचणाऱ्या, बदलणाऱ्या किंवा साठवणाऱ्या लायब्ररीला मिळालेली प्रत्येक संख्या ग्राह्य मर्यादेत आहे की नाही, हे ती वापरण्यापूर्वी तपासणे होय. प्रतिमेची रुंदी व उंची, साठवणीचा दर्जा, धूसरतेची त्रिज्या, उंबरठा मूल्य, पारदर्शकतेचे प्रमाण अशा संख्यांना *प्राचल* असे म्हणतात. प्राचल चुकले तर परिणाम तीन प्रकारे दिसतो: आज्ञावली मध्येच बंद पडते, चुकीची प्रतिमा कोणत्याही सूचनेविना तयार होते, किंवा संगणकाच्या मेमरीतील इतर माहितीवर अनधिकृत लेखन होते. शेवटच्या प्रकारामुळे गेल्या पंचवीस वर्षांत अनेक गंभीर सुरक्षादोष उद्भवले आहेत. त्यामुळे वरवर किरकोळ वाटणारी ही तपासणी लायब्ररीच्या रचनेतील महत्त्वाचा भाग मानली जाते.

पडताळणीत दोन स्वतंत्र प्रश्न असतात. पहिला, मर्यादा कोणती आणि ती कोठून आली. दुसरा, मर्यादेबाहेरची संख्या आल्यास काय करावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा गणितात किंवा फाइलस्वरूपाच्या विनिर्देशात सापडते. दुसऱ्याचे उत्तर मात्र धोरणाचे असते आणि त्याबाबत प्रचलित लायब्ररींमध्ये एकवाक्यता नाही.

## मर्यादांचे उगम

प्राचलावरील मर्यादा साधारणपणे चार ठिकाणांहून येते.

फाइलस्वरूप. प्रत्येक प्रतिमास्वरूपात रुंदी व उंची लिहिण्यासाठी ठरावीक बिट राखून ठेवलेले असतात. जेपेगमध्ये त्यासाठी १६ बिट असल्यामुळे कमाल मूल्य ६५,५३५ होते. वेबपीमध्ये १४ बिट असल्यामुळे ते १६,३८३ एवढेच असते. त्यामुळे जेपेगमध्ये सहज साठवता येणारी २०,००० पिक्सेल रुंदीची प्रतिमा वेबपीमध्ये साठवताच येत नाही.

माहितीचा प्रकार. आठ बिटांच्या पिक्सेलमध्ये ० ते २५५ याच संख्या मावतात. दशांश संख्यांच्या प्रतिमेत ० ते १ किंवा −१ ते १ असा संकेत पाळला जातो.

रीतीचे गणित. मध्यक गाळणीच्या चौकटीला मधला पिक्सेल असावा लागतो, म्हणून तिचा आकार विषम हवा. गॅमा दुरुस्तीचा घातांक ऋण असून चालत नाही. शतमक ० ते १०० यांच्या बाहेर असूच शकत नाही.

साधनसामग्री. एखादी संख्या स्वरूपाच्या व गणिताच्या दृष्टीने ग्राह्य असूनही संगणकाच्या मेमरीला न पेलणारी असू शकते. पीएनजी स्वरूप २,१४,७४,८३,६४७ पिक्सेलपर्यंत रुंदी मान्य करते. पण लिबपीएनजी ही त्याची मूळ लायब्ररी पूर्वनिर्धारित स्थितीत रुंदी व उंची प्रत्येकी १०,००,००० पिक्सेलपर्यंतच स्वीकारते.

पुढील कोष्टकात काही परिचित मर्यादा व त्यांची कारणे दिली आहेत.

| प्राचल | स्वरूप किंवा लायब्ररी | ग्राह्य मूल्ये | कारण |
|---|---|---|---|
| रुंदी व उंची | जेपेग | कमाल ६५,५३५ | १६ बिटांची जागा |
| रुंदी व उंची | पीएनजी | १ ते २,१४,७४,८३,६४७ | ३२ पैकी ३१ बिटांचा वापर |
| रुंदी व उंची | वेबपी | १ ते १६,३८३ | १४ बिटांची जागा |
| प्रति घटक बिटसंख्या | पीएनजी | १, २, ४, ८, १६ | विनिर्देशातील निवडक मूल्ये |
| संकोचनाची पातळी | झेडलिब | ० ते ९; तसेच −१ | −१ म्हणजे ‘लायब्ररीने ठरवावे’ |
| संकोचनाची पद्धत | लिबवेबपी | ० ते ६ | वेग व आकार यांतील तडजोड |
| मध्यक गाळणीचा आकार | ओपनसीव्ही | १ पेक्षा मोठी विषम संख्या | चौकटीला मध्य हवा |
| रंगच्छटा (आठ बिटांची प्रतिमा) | ओपनसीव्ही | ० ते १७९ | ३६० अंश आठ बिटांत मावत नाहीत |
| पिक्सेलचे दशांश मूल्य | सायकिट-इमेज | −१ ते १ | रूपांतराचा संकेत |

मर्यादा म्हणजे नेहमी ‘येथून तेथपर्यंत’ असा सलग पट्टा नसतो, हे कोष्टकावरून लक्षात येते. कधी ती निवडक मूल्यांची यादी असते, कधी विषमतेसारखा गुणधर्म असतो, तर कधी पट्ट्याबाहेरील एखाद्या मूल्याला मुद्दाम खास अर्थ दिलेला असतो. ओपनसीव्हीच्या गाऊसीय धूसरतेत चौकटीचा आकार शून्य दिला तर त्याचा अर्थ ‘प्रमाण विचलनावरून आकार काढावा’ असा होतो. सम संख्या दिल्यास मात्र तीच क्रिया नाकारली जाते.

काही मर्यादा परस्परावलंबी असतात. पीएनजीमध्ये १६ बिटांची करड्या छटांची प्रतिमा चालते, परंतु रंगतक्त्यावर आधारलेली प्रतिमा ८ बिटांपलीकडे जाऊ शकत नाही. आणि खऱ्या रंगांच्या प्रतिमेस ८ किंवा १६ हेच पर्याय असतात. अशा वेळी प्रत्येक प्राचल स्वतंत्रपणे ग्राह्य असूनही त्यांची जोडी अग्राह्य ठरते.

## मर्यादाभंगाबाबतची धोरणे

### नकार देणे

मर्यादेबाहेरचे मूल्य आल्यास काम थांबवून त्रुटी कळवणे हे सर्वांत कडक धोरण होय. पायथन भाषेत त्यासाठी मूल्यत्रुटी या नावाचा अपवाद उभारला जातो. पिलो या लायब्ररीत प्रतिमेचा नवा आकार शून्य दिला किंवा धूसरतेची त्रिज्या ऋण दिली, तर असा अपवाद मिळतो. सायकिट-इमेजमध्ये −१ ते १ यांच्या बाहेरील दशांश मूल्ये असलेली प्रतिमा आठ बिटांत रूपांतरित करू पाहिल्यास तेच होते. लिबवेबपीमध्ये संकोचनाची सर्व प्राचले एका रचनेत भरली जातात आणि काम सुरू करण्यापूर्वी ती संपूर्ण रचना तपासणारे स्वतंत्र फंक्शन उपलब्ध असते.

लिबपीएनजीची पद्धत या संदर्भात उल्लेखनीय आहे. प्रतिमेच्या शीर्षभागातील रुंदी, उंची, बिटसंख्या, रंगप्रकार इत्यादी तपासताना ती पहिल्याच चुकीवर थांबत नाही. आढळलेल्या प्रत्येक दोषाची सूचना ती देते आणि सर्व तपासणी संपल्यावर नकार देते. त्यामुळे वापरणाऱ्यास सर्व चुका एकाच वेळी समजतात.

### सीमेवर आणणे

मूल्य मर्यादेबाहेर गेल्यास ते जवळच्या सीमेवर आणून काम पुढे चालू ठेवणे, हे दुसरे धोरण होय. याचे अभ्यासण्याजोगे उदाहरण म्हणजे लिबजेपेग. इंडिपेंडंट जेपेग ग्रुपने ही लायब्ररी १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. तिच्यात दर्जाचे प्राचल ० किंवा त्याहून कमी असल्यास १ मानले जाते आणि १०० पेक्षा जास्त असल्यास १०० मानले जाते. त्यानंतर दर्जावरून एक गुणक काढला जातो. दर्जा ५० पेक्षा कमी असल्यास ५००० ला दर्जाने भागले जाते. अन्यथा २०० मधून दर्जाची दुप्पट वजा केली जाते. या गुणकाने मूळ कोष्टकातील प्रत्येक संख्येला गुणून, ५० मिळवून, १०० ने भागले जाते.

उदाहरणार्थ, मूळ कोष्टकातील पहिली संख्या १६ आहे. दर्जा ७५ असता गुणक ५० येतो आणि १६ चे ८ होतात. दर्जा १० असता गुणक ५०० येतो आणि १६ चे ८० होतात. दर्जा १ असता गुणक ५००० व उत्तर ८०० येते. परंतु मूलभूत जेपेगमध्ये २५५ पेक्षा मोठी संख्या चालत नसल्यामुळे येथे पुन्हा सीमा लावली जाते. दर्जा शून्य तसाच पुढे जाऊ दिला असता तर ५००० ला शून्याने भागण्याची वेळ आली असती. म्हणजे १ ही खालची सीमा वरवरची नसून सूत्राचीच गरज आहे. वरच्या बाजूची स्थिती वेगळी आहे. दर्जा १५० धरला तर गुणक ऋण येतो, पण कोष्टकातील कोणतीही संख्या १ पेक्षा कमी होऊ न देण्याची दुसरी तपासणी असल्यामुळे प्रतिमा बिघडत नाही.

या धोरणाचा लाभ असा, की किरकोळ चुकीमुळे काम अडत नाही. तोटा असा, की चूक झाल्याचे कोणाला कळत नाही. दर्जाचे माप ० ते १ आहे अशा समजुतीने कोणी ‘०.९’ दिले आणि पूर्णांकात रूपांतर होताना त्याचे ० झाले, तर सर्वोत्तमच्या जवळचा दर्जा मागणाऱ्यास सर्वांत खालच्या दर्जाची प्रतिमा मिळते आणि कोठेही त्रुटी दिसत नाही. मूळ प्रतिमा त्याच नावाने पुन्हा साठवली गेली असेल, तर ती हानी कायमची होते. म्हणून काही लायब्ररी मध्यममार्ग स्वीकारतात: मूल्य सीमेवर आणतात, पण सूचनाही देतात. आलेखनाची मॅटप्लॉटलिब ही लायब्ररी रंगीत प्रतिमेतील मर्यादेबाहेरची मूल्ये दाखवताना असेच करते.

### वळसा घालणे

ठरावीक बिटांत न मावणारी संख्या चक्राकार फिरून पुन्हा आरंभाकडे येणे, हे खरे तर धोरण नसून धोरणाचा अभाव होय. नमपाय या लायब्ररीत आठ बिटांच्या दोन सारण्यांमधील २०० व १०० यांची बेरीज ३०० न येता ४४ येते, कारण ३०० मधून २५६ वजा होतात. उजळ करू पाहिलेला आकाशाचा भाग त्यामुळे एकाएकी काळवंडतो. ओपनसीव्हीची स्वतःची बेरीज याच संख्यांना २५५ असे उत्तर देते. दोन्ही लायब्ररी बहुधा एकाच आज्ञावलीत एकत्र वापरल्या जात असल्याने हा फरक विशेष गोंधळ निर्माण करतो. नमपायच्या २०२४ मधील २.० या आवृत्तीपासून आठ बिटांत न मावणारी एकेरी संख्या, उदाहरणार्थ ३००, थेट त्या प्रकारात भरू पाहिल्यास त्रुटी मिळते. दोन सारण्यांच्या बेरजेतील वळसा मात्र कायम आहे.

### मर्यादा न घालणे

रूढ पट्ट्याबाहेरचे प्रत्येक मूल्य चूकच असते असे नाही. पिलोमध्ये दोन प्रतिमांचे मिश्रण करताना दिले जाणारे प्रमाण ० असल्यास पहिली प्रतिमा व १ असल्यास दुसरी प्रतिमा मिळते. तरीही या प्रमाणावर कोणतीही मर्यादा घातलेली नाही. १ पेक्षा मोठे प्रमाण दिल्यास दोन प्रतिमांमधील फरक वाढवून दाखवला जातो आणि केवळ अंतिम पिक्सेल सीमेत आणले जातात. याच तत्त्वावर पिलोमधील उजळपणा व रंगभेद वाढवण्याच्या सोयी उभ्या आहेत. तेथे १ म्हणजे मूळ प्रतिमा आणि त्यापुढील मूल्ये म्हणजे वाढ. येथे ‘० ते १’ अशी पडताळणी लादली असती तर एक उपयुक्त सोय नाहीशी झाली असती. म्हणून पडताळणी लिहिण्यापूर्वी मर्यादा खरी आहे की केवळ सवयीची, हे ठरवणे आवश्यक असते.

## एकच रीत, दोन धोरणे

जॉन कॅनी यांनी १९८६ मध्ये मांडलेली कडाशोधाची रीत दोन उंबरठा मूल्ये वापरते. वरच्या उंबरठ्यापेक्षा ठळक असलेले पिक्सेल निश्चितपणे कडेचे मानले जातात. दोहोंच्या मधले पिक्सेल निश्चित कडेला जोडलेले असतील तरच स्वीकारले जातात. म्हणजे खालचा उंबरठा वरच्यापेक्षा मोठा असणे निरर्थक ठरते.

वापरणाऱ्याने ही दोन मूल्ये उलट क्रमाने दिली तर ओपनसीव्ही त्यांची अदलाबदल करून काम पुढे नेते. लहान मूल्य कडा जोडण्यासाठी व मोठे मूल्य आरंभासाठी वापरले जाते, असे तिच्या दस्तऐवजातही नमूद आहे. सायकिट-इमेजच्या अलीकडच्या आवृत्त्या मात्र अशा वेळी मूल्यत्रुटी उभारतात. तसेच उंबरठे शतमकासारख्या प्रमाणात द्यायचे असल्यास ते ० ते १ यांच्यातच असले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह असतो.

दोन्ही निर्णयांना आधार आहे. दोन संख्यांपैकी लहान कोणती हे निःसंदिग्ध असल्यामुळे अदलाबदल करणे सयुक्तिक ठरते. उलट बाजूने, क्रम उलटला असेल तर वापरणाऱ्याच्या हिशेबात अन्यत्र चूक असण्याचा संभव असतो आणि ती लवकर उघड व्हावी, हा नकारामागील विचार आहे.

## पडताळणीतील अवघड स्थाने

### ‘संख्या नव्हे’ हे मूल्य

दशांश संख्यांच्या गणितासाठी १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयईईई ७५४ या मानकात ‘संख्या नव्हे’ अशा अर्थाचे एक विशेष मूल्य आहे. त्यास *नॅन* असे म्हणतात. शून्याला शून्याने भागल्यास ते उत्पन्न होते. नॅनची कोणत्याही संख्येशी केलेली ‘लहान’, ‘मोठे’ किंवा ‘समान’ ही तुलना नेहमी असत्य ठरते. परिणामी पुढील दोन तपासण्या वरवर सारख्या भासल्या तरी सारख्या नसतात:

* जर क्ष < ० किंवा क्ष > १, तर नाकारा.
* जर (क्ष ≥ ० आणि क्ष ≤ १) हे सत्य नसेल, तर नाकारा.

पहिल्या तपासणीतून नॅन निसटून आत जातो, कारण दोन्ही तुलना असत्य ठरतात. दुसरी तपासणी त्याला अडवते. सीमेवर आणण्याच्या क्रियेतही हाच धोका असतो. पायथनमध्ये शून्य व नॅन यांतील मोठी संख्या विचारल्यास, जे मूल्य आधी लिहिले असेल तेच उत्तर म्हणून मिळते. म्हणजे दोन मूल्यांचा क्रम बदलला की निकाल बदलतो. प्रतिमेतील एकच नॅन पिक्सेल सरासरी काढताना संपूर्ण सरासरी नॅन करून टाकतो.

### गुणाकाराचे ओसंडणे

रुंदी व उंची स्वतंत्रपणे ग्राह्य असल्या तरी त्यांचा गुणाकार ठरलेल्या बिटांत मावेलच असे नाही. ४०,००० × ४०,००० पिक्सेलच्या, प्रत्येकी ४ बाइट घेणाऱ्या प्रतिमेस ६,४०,००,००,००० बाइट लागतात. हा हिशेब ३२ बिटांच्या चिन्हरहित पूर्णांकात केला, तर त्यातून ४,२९,४९,६७,२९६ गळून २,१०,५०,३२,७०४ एवढेच उरतात. ३२,७६८ × ३२,७६८ पिक्सेल घेतल्यास उत्तर चक्क शून्य येते. आज्ञावली त्या उत्तराइतकीच मेमरी मागून घेते आणि लेखन मात्र पूर्ण प्रतिमेचे करते.

गुणाकार करून नंतर उत्तर तपासण्यात अर्थ नसतो, कारण तोवर खरे उत्तर हरवलेले असते. म्हणून भागाकाराने आधीच तपासतात: रुंदी ही ‘कमाल मर्यादा भागिले उंची’ यापेक्षा मोठी असल्यास नकार द्यावा. तत्पूर्वी उंची शून्य नसल्याची खात्री करावी लागते, अन्यथा तपासणीच शून्याने भागू लागते. लिबजेपेगने स्वरूपातील कमाल ६५,५३५ ऐवजी ६५,५०० ही मर्यादा ठेवली आहे, ती याच प्रकारच्या ओसंडण्यापासून थोडे अंतर राखण्यासाठी.

### चक्राकार प्राचले

रंगच्छटा वर्तुळावर मोजली जाते. तिथे ३६० अंश म्हणजे पुन्हा शून्य. अशा प्राचलाला सीमेवर आणणे चुकीचे असते. तेथे वळसा घालणेच योग्य ठरते. ओपनसीव्हीमध्ये आठ बिटांच्या प्रतिमेसाठी अंश निम्मे करून ० ते १७९ असे माप वापरतात, तर अनेक चित्रसंपादकांत ० ते ३६० आणि सायकिट-इमेजमध्ये ० ते १ असे माप असते. एखाद्याने चित्रसंपादकातून २०० हा आकडा उचलून ओपनसीव्हीत खालची सीमा म्हणून दिला, तर तो आठ बिटांत मावत असल्याने कोणतीही त्रुटी येत नाही. निवडलेला भाग मात्र पूर्ण रिकामा येतो. प्रकाराच्या दृष्टीने ग्राह्य पण अर्थाच्या दृष्टीने अग्राह्य अशा मूल्याचे हे ठळक उदाहरण होय. लाल रंग शून्याच्या दोन्ही बाजूंस पसरलेला असल्यामुळे तो निवडण्यासाठी दोन पट्टे घेऊन ते एकत्र करावे लागतात.

### अंकांची लिपी व लेखनपद्धती

प्राचल पुष्कळदा अक्षरांच्या रूपात येते आणि मग त्याची संख्या केली जाते. या टप्प्यावर भाषेचा व लिपीचा संबंध येतो. मराठी वापरकर्त्याने दर्जाच्या रकान्यात देवनागरी अंकांत ‘७५’ असे लिहिले, तर पायथनचे पूर्णांकात रूपांतर करणारे फंक्शन त्याचा अर्थ पंचाहत्तर असाच लावते, कारण ते युनिकोडमधील सर्व दशमान अंक ओळखते. जावास्क्रिप्टमध्ये त्याच अक्षरांचे नॅन होते. सी भाषेतील जुने, सोपे रूपांतर-फंक्शन शून्य हे उत्तर देते आणि रूपांतर फसल्याचे सांगतही नाही. शून्य ही संख्या ० ते १०० या पट्ट्यात बसत असल्याने पुढची पडताळणीही तिला जाऊ देते.

दशांशचिन्हाबाबतही असेच घडते. जर्मन व फ्रेंच लेखनपद्धतीत पूर्णांश व दशांश यांच्यामध्ये स्वल्पविराम असतो. संगणकाची मांडणी त्या भाषेनुसार असेल, तर सी भाषेतील रूपांतर टिंबापाशी थांबते आणि ‘०.५’ चे शून्य होते. म्हणून मर्यादा तपासण्याआधी रूपांतर पूर्ण झाले की नाही आणि शेवटी काही अक्षरे उरली की काय, हे पाहणे आवश्यक असते.

पायथनमध्ये सत्य व असत्य ही तार्किक मूल्येही पूर्णांकांचाच उपप्रकार आहेत. त्यामुळे त्रिज्येच्या जागी चुकून ‘सत्य’ दिल्यास ते १ समजून स्वीकारले जाते.

## सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्व

प्रतिमेची फाइल ही अनोळखी व्यक्तीकडून आलेली असू शकते आणि तिच्यातील प्रत्येक संख्या पाठवणाऱ्याच्या इच्छेनुसार लिहिलेली असू शकते. म्हणून फाइलमधून वाचलेल्या संख्यांना फंक्शनला दिलेल्या प्राचलांपेक्षाही कडक तपासणी लागते.

जेपेग फाइलमध्ये टिप्पणीच्या भागाआधी त्याची लांबी दोन बाइटांत लिहिलेली असते आणि त्या लांबीत हे दोन बाइटही मोजले जातात. म्हणजे लांबी कधीच २ पेक्षा कमी असू शकत नाही. ही खालची सीमा न तपासता लांबीतून २ वजा केल्यास, लांबी ० किंवा १ असताना उत्तर ऋण येते आणि चिन्हरहित पूर्णांकात ते प्रचंड मोठे होते. जुलै २००० मध्ये नेटस्केप न्याहाळकात हा दोष उघड झाला. पुढे सप्टेंबर २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या जीडीआय प्लस या घटकात याच स्वरूपाचा दोष सापडला आणि केवळ प्रतिमा पाहिल्याने संगणकाचा ताबा जाऊ शकतो, हे व्यापक प्रमाणावर लक्षात आले. वरच्या सीमेकडे लक्ष असताना खालची सीमा दुर्लक्षित राहते, हा या दोन्ही घटनांचा समान धागा होय.

सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपीतील सीव्हीई-२०२३-४८६३ हा दोष जाहीर झाला. हानिरहित वेबपी प्रतिमा उलगडताना लागणाऱ्या कोष्टकांसाठी आधीच मोजून मेमरी राखलेली असे. पण मुद्दाम रचलेल्या फाइलमधील संख्यांमुळे कोष्टक त्या मापाहून मोठे होऊन राखीव जागेबाहेर लेखन होऊ शकत होते. लिबवेबपी असंख्य आज्ञावलींमध्ये अंतर्भूत असल्याने क्रोम व फायरफॉक्ससह अनेक न्याहाळकांना तातडीने सुधारित आवृत्त्या काढाव्या लागल्या. लायब्ररीच्या १.३.२ या आवृत्तीत हा दोष दूर करण्यात आला.

मेमरीवर अनधिकृत लेखन न करताही केवळ आकाराच्या जोरावर हल्ला करता येतो. पीएनजीमध्ये वापरले जाणारे संकोचन अनुकूल स्थितीत सुमारे १०३२ पट असू शकते. म्हणजे एक मेगाबाइटची एकरंगी प्रतिमा उलगडल्यावर सुमारे एक गिगाबाइट जागा मागू शकते. अशा फाइलींना *संकोचन-बॉम्ब* म्हणतात. त्यांपासून बचाव म्हणून पिलोने ८,९४,७८,४८५ पिक्सेलची मर्यादा ठेवली आहे. ती ओलांडल्यास सूचना मिळते आणि तिच्या दुपटीपेक्षा मोठी प्रतिमा नाकारली जाते. ही संख्या यादृच्छिक नाही: प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट धरल्यास ती पाव गिगाबाइटच्या आसपास येते. ओपनसीव्हीत रुंदी व उंची प्रत्येकी १०,४८,५७६ आणि एकूण पिक्सेल १,०७,३७,४१,८२४ अशी पूर्वनिर्धारित मर्यादा असून ती वापरणाऱ्यास बदलता येते. इमेजमॅजिकमध्ये रुंदी, उंची, क्षेत्रफळ व मेमरी यांच्या मर्यादा एका स्वतंत्र धोरण-फाइलमध्ये लिहिता येतात.

## चाचणी

पडताळणी तपासण्याची पारंपरिक रीत *सीमामूल्य चाचणी* या नावाने ओळखली जाते. ० ते १०० या पट्ट्यासाठी −१, ०, १, ९९, १०० व १०१ ही मूल्ये देऊन पाहतात, कारण ‘लहान’ आणि ‘लहान किंवा समान’ या चिन्हांतील गफलत नेमकी येथेच उघडी पडते. दशांश प्राचलांसाठी नॅन, धन व ऋण अनंत यांचाही समावेश करतात.

दुसरी रीत म्हणजे यंत्राने यादृच्छिक बदल केलेल्या असंख्य फाइली लायब्ररीला देत राहणे. तिला *फझिंग* म्हणतात. मिखाऊ झालेव्स्की यांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये दाखवून दिले, की त्यांच्या एएफएल या साधनाला आरंभी केवळ साध्या मजकुराची फाइल दिली, तरी आज्ञावलीच्या कोणत्या वाटा उघडतात हे पाहत ते अखेरीस ग्राह्य जेपेग प्रतिमा तयार करू शकते. गूगलने २०१६ मध्ये सुरू केलेल्या ओएसएस-फझ या उपक्रमात अनेक मुक्त स्रोत प्रतिमा-लायब्ररींची अशी चाचणी अखंड चालते.

## प्रचलित संकेत

विविध लायब्ररींच्या अनुभवातून पुढील संकेत रूढ झाले आहेत.

* पडताळणी बाहेरून येणाऱ्या वाटेवर, एकदाच व संपूर्ण करावी. प्रत्येक पिक्सेलसाठी ती पुन्हा करू नये, कारण त्याने वेग घटतो.
* आधी प्रकार, मग नॅन व अनंत, मग मर्यादा आणि शेवटी परस्परावलंबी अटी असा क्रम ठेवावा.
* मेमरी मागण्यापूर्वी व मूळ प्रतिमेत बदल करण्यापूर्वी पडताळणी पूर्ण व्हावी.
* त्रुटीसंदेशात प्राचलाचे नाव, ग्राह्य मर्यादा व मिळालेले मूल्य या तिन्ही गोष्टी असाव्यात. ‘अवैध मूल्य’ एवढेच सांगणे पुरेसे नसते. ‘दर्जा १ ते १०० असावा, मिळाला १५०’ असे सांगणे उपयुक्त ठरते.
* सीमा पट्ट्यात धरली आहे की नाही, हे दस्तऐवजात स्पष्ट लिहावे.
* सीमेवर आणण्याचे धोरण असल्यास ते जाहीर करावे आणि शक्य तेथे सूचना द्यावी.
* प्रसिद्ध झालेल्या लायब्ररीत धोरण एकाएकी कडक करू नये. पूर्वी चालणारे मूल्य नाकारायचे असल्यास काही आवृत्त्यांपर्यंत सूचना देऊन मग नकार लागू करावा. नमपायने मर्यादेबाहेरील पूर्णांकांबाबत १.२४ मध्ये सूचना व २.० मध्ये त्रुटी असा क्रम पाळला.

सर्वसाधारणपणे, फाइलमधून आलेल्या संख्यांना नकार, अंतिम पिक्सेलमूल्यांना सीमा आणि चक्राकार राशींना वळसा, अशी विभागणी योग्य मानली जाते. वापरणाऱ्याने स्वतः दिलेल्या प्राचलांबाबत नकार की दुरुस्ती, हा निर्णय चुकीची किंमत कोणाला मोजावी लागते यावर अवलंबून असतो. पडद्यावरील पूर्वदृश्यात सीमेवर आणलेले मूल्य डोळ्यांना लगेच दिसते व बदलता येते. वैद्यकीय किंवा वैज्ञानिक मापनात मात्र निमूटपणे बदललेली संख्या निष्कर्षातच मिसळून जाते. म्हणून अशा ठिकाणी स्पष्ट नकार अधिक हितावह ठरतो.

## हेही पहा

* अंकीय प्रतिमाप्रक्रिया
* जेपेग
* पीएनजी
* वेबपी
* ओपनसीव्ही
* कॅनी कडाशोध रीत
* आयईईई ७५४
* फझिंग